हाकेला ओ

जळगावच्या हायस्कुलात मी भूगोल शिकवायला आलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी मूळचा साताऱ्याकडचा. इथं ओळखीचं कोणी नव्हतं, आणि रविवार अंगावर यायचा. आईला पाठवायला एक फोटो काढावा म्हणून बाजारातल्या एका स्टुडिओत गेलो. माझी हनुवटी दोन बोटांनी उचलत मालकांनी विचारलं, "मास्तर, नाटकं बघता का?" मी हो म्हणालो. फोटो दहा मिनिटांत झाला असेल, पण मी तिथून उठलो ते जेवणाची वेळ टळून गेल्यावर.

मालकांना सगळे नाना म्हणत. त्यांच्या स्टुडिओत मागे एक रंगवलेला पडदा होता. त्यावर कारंजं, संगमरवरी जिना आणि दोन मोर होते. रविवारी सकाळी आम्ही त्या पडद्यासमोर बसून गप्पा मारायचो. नाना, त्यांच्या थोरल्या बहीण अक्का, मी, आणि सरकी काढणाऱ्या कापसाच्या एका जिनात कारकुनी करणारा माझ्याच वयाचा एक मित्र. अक्का लहान वयात विधवा झालेल्या. दवाखान्यात नर्स होत्या. गावात लागलेला एकही सिनेमा त्यांनी सोडला नसेल. डोक्यावर पदर घेऊन बायकांच्या बाकावर एकट्या जाऊन बसायच्या, आणि कोणी काही म्हटलं की सांगायच्या, "दिवसभर खरी दुखणी बघते. संध्याकाळी खोटी बघितली तर काय बिघडलं?"

आमचा आवडता विषय म्हणजे माणसांची झोप उडवणारी नाटकं आणि सिनेमे. नाना पाचोऱ्याची एक हकीकत सांगायचे. एका फिरत्या कंपनीतला नट पोटच्या पोराला विष घालणाऱ्या बापाचं काम करायचा. दुसऱ्या दिवशी तो खानावळीत गेला तर वाढणाऱ्या बाईनं त्याच्या पुढचं ताट उचललं. तो हात जोडून म्हणाला, "बाई, मला दोन मुली आहेत हो." बाई म्हणाली, "असतील. पण मी काल बघितलं ना!"

अक्कांनी एकदा एका सिनेमातल्या सुनेचं सांगितलं. ती विहिरीत जीव देते. तो सिनेमा बघून आल्यावर त्यांच्या शेजारणीनं आडावर जाणंच सोडलं. पाण्यात सुनेचं तोंड दिसतं म्हणायची.

"पण अक्का, त्यात विहीर दाखवलीच नव्हती," मित्र म्हणाला. "नुसता रहाट दाखवला होता. आपोआप फिरणारा."

"म्हणूनच तर," अक्का म्हणाल्या.

हा मित्र मोठा चिकित्सक. ढगांचा गडगडाट पत्र्याचा, रक्त कुंकवाच्या पाण्याचं, बाईचं रडणं विंगेतल्या दुसऱ्याच बाईचं, हे सगळं त्याला ठाऊक असायचं आणि सांगितल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. आम्ही घाबरलो की तो तोंड मिटून हसायचा. "माणूस घाबरायचं ठरवूनच घरून निघतो," म्हणायचा. त्याची आई एरंडोलच्या पलीकडे, गिरणाकाठच्या खेड्यात राहते एवढं मला माहीत होतं. त्यापुढे तो घराविषयी बोलत नसे.

एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला धुळ्याहून आलेल्या कोणीतरी नानांना एक बातमी दिली. तिथं एक नाटक कंपनी उतरली होती. त्यांच्या एका नाटकात शेवटी आई रंगमंचाच्या अगदी कडेला येते आणि परागंदा झालेल्या मुलाला हाक मारते. आणि दर प्रयोगाला समोर बसलेल्या लोकांतून कोणीतरी ओ देतं.

"कंपनीचाच माणूस," मित्र लगेच म्हणाला. "तिकीट काढून मधोमध बसवलेला."

"तो म्हणतो रोज वेगळा आवाज असतो. एकदा तर म्हातारी होती."

"मग रोज वेगळा माणूस बसवत असतील!"

अक्कांनी विचारलं, "तू पैज लावतोस का?"

"पैज कशाला? दाखवतोच. रविवारी दुपारचा खेळ असेल. मी नाटक बघणारच नाही, माणसं बघीन."

नानांना एका लग्नाचे फोटो काढायचे होते, अक्कांची दवाखान्यातली पाळी होती. म्हणून आम्ही दोघंच सकाळच्या एस.टी.नं धुळ्याला गेलो. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. मित्र वाटेत मजेत होता. कोणाकडे लक्ष ठेवायचं याचे बेत सांगत होता. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा तो एका बाजूच्या फाट्याकडे बघत राहिला, आणि मी "तुमचं गाव इकडेच ना?" म्हटल्यावर नुसता "हं" म्हणाला.

थिएटर म्हणजे पत्र्याची मोठी शेड होती. दुपारचं ऊन पत्र्याच्या भोकांतून आत यायचं आणि माणसांच्या पाठींवर उजेडाचे ठिपके पडायचे. पंख्यांची घरघर एवढी की नट ओरडून बोलत होते. नाटक तसं साधंच. मुलगा जत्रेला म्हणून जातो आणि परत येत नाही. तो मेल्याचं घरातल्या सगळ्यांना कळलेलं असतं, आईला सांगायचं धैर्य कोणाला होत नाही. ती त्याचं पान वाढत राहते. मित्र खरोखरच नाटकाकडे पाठ करून बसल्यासारखा तिरका बसला होता. पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या टोपीवाल्याकडे बोट दाखवून माझ्या कानात म्हणाला, "हा बघ. हाच असणार."

शेवटच्या अंकात घर हळूहळू रिकामं होतं. आईचं काम करणारी नटी थोराड बांध्याची होती, आवाज बसका. इतका वेळ ती आपल्या पुस्तकी मराठीत बोलत होती. ती पुढे आली, तिनं कपाळावर आडवा हात धरला, आणि आमच्याकडे बघत, खानदेशातली कोणतीही बाई मागच्या दारात उभी राहून मारील तशी हाक मारली.

"भाऊ! ओ भाऊ! जेवाले ये ना रे!"

मागाहून कळलं की ती ज्या गावी जाई तिथल्या बायका मुलाला जेवायला कशा बोलावतात ते आधी विचारून घ्यायची. खानदेशात घरोघरी थोरल्या मुलाला भाऊ म्हणतात. त्या शेडमध्ये कितीतरी भाऊ बसले असतील. कोणी हललं नाही. पंखे घरघरत होते. तिनं पुन्हा हाक मारली, या वेळी जरा हळू, जणू तो जवळच कुठंतरी लपलाय.

"ओ माय!"

आवाज माझ्या अगदी शेजारून आला. मोठा नव्हता. बारीक होता, लहान मुलासारखा. मी वळून बघितलं. मित्राचं तोंड उघडं होतं आणि डोळे रंगमंचावर. पांढऱ्या टोपीवाला मागे वळून त्याच्याकडे बघत होता. नटीनं हात खाली घेतला, ज्या दिशेनं आवाज आला तिकडे एक क्षण बघितलं, आणि पडदा पडला. टाळ्या वाजल्याच नाहीत. लोक चपला शोधत बाहेर पडले.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "कोणी ओ दिली ते बघितलंस का?"

मला वाटलं थट्टा करतोय. "तूच दिलीस," मी म्हणालो.

तो हसला नाही. गळ्यावरून हात फिरवला. नळावर जाऊन बराच वेळ पाणी प्याला. आम्ही परतीची गाडी पकडली. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा दिवेलागण होत होती. त्या फाट्याकडे बघतच त्यानं सांगायला सुरुवात केली.

त्याचा थोरला भाऊ त्याच्याहून बराच मोठा. घरात त्याला भाऊ म्हणत आणि याला बापू. हा शाळेत जायला लागला त्याच्या आसपास भाऊ कापसाची गाडी घेऊन पाचोऱ्याच्या जिनाला गेला. तिथं पटकीनं त्याला गाठलं. बरोबरच्यांनी तिथंच अग्नी दिला आणि रिकामी गाडी घरी आणली. आईनं मुलाचं तोंड बघितलं नाही. सांगितलं तेही तिच्या कानात शिरलं नाही. त्या दिवसापासून रोज जेवणाच्या वेळी ती मागच्या दारात जाऊन हाक मारायची. वडिलांनी घरात सक्त ताकीद दिली होती की कोणी ओ द्यायची नाही. मेलेल्याच्या नावानं ओ दिली तर आपल्यालाच ओढून नेईल, असं त्यांना वाटायचं.

"मी चुलीपाशी बसलेला असायचो," तो म्हणाला. "ती हाक मारायची आणि थांबायची. किती थांबायची! मला रोज वाटायचं, एकदा ओ द्यावी, तिला निदान आत येता येईल. वडील माझ्याकडे बघत असायचे. ते गेले त्याला वर्षं झाली. ती अजून हाक मारते. आता काका-काकू सांभाळतात. तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही. मी महिन्याकाठी जातो तो दुपारी, आणि हाकेची वेळ व्हायच्या आत निघतो."

पुढच्या रविवारी स्टुडिओत हे सगळं सांगावं लागलं. त्यानंच सांगितलं, मोरांकडे बघत. नाना भडकले. असली नाटकं बंद करायला हवीत म्हणाले. माणसाच्या घरात शिरायचा या लोकांना काय अधिकार? मी म्हणालो, ती बिचारी आपलं काम करत होती. आमचा वाद वाढला. मग अक्का मित्राला म्हणाल्या,

"तोंडाला रंग लावलेल्या परक्या बाईला तू ओ दिलीस. आता घरी जा."

तो शनिवारी गेला. सोमवारी संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी माझी वाट बघत उभा होता. चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यानं ओ दिली होती. आई अंगणातून धावत आली, चाचपडत त्याचा चेहरा हातात घेतला, आणि उशीर केला म्हणून रागावली. त्याला जेवायला घातलं. स्वतः जेवली. काका-काकू भिंतीला टेकून बघत होते. रात्री ती बिनघोर झोपली. तो सांगत होता आणि रस्त्यातच माझा हात धरून हलवत होता.

पुढच्या महिन्यात तो गेला तो परत आल्यावर स्टुडिओकडे फिरकला नाही. मीच त्याच्या खोलीवर गेलो. तो खाटेवर बसून होता.

"ती मला भाऊ म्हणते," तो म्हणाला.

"मग? तेच तर हवं होतं."

"हो. पण आता ती संध्याकाळी मागच्या दारात जाते आणि बापूला हाक मारते. मी तिच्यासमोर उभा असतो. म्हणते, 'भाऊ, धाकला कोठे गया रे? देख ना.' मी म्हणालो, माय, मीच बापू. तर हसली. म्हणाली, मोठा होऊन थट्टा करतोस का."

त्यानं दारामागून ओ देऊन पाहिली होती. पण आईनं त्याला दारामागे जाताना ऐकलं होतं. आंधळी होत चाललेली माणसं पावलं ओळखतात. "भाऊ, तू नको," ती म्हणाली. "बापूला बोलाव."

हे असंच पावसाळाभर चाललं. तो आता दर आठवड्याला गावी जायचा. जिनात काम वाढलं तरी शनिवार चुकवत नसे. वाळत चालला होता. अक्कांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं सुचवलं. डॉक्टर म्हणाले, वेळ निघून गेली. कपाशी फुटायला लागली तेव्हा एका शुक्रवारी त्यानं मला विचारलं, "उद्या येशील माझ्याबरोबर?" कशासाठी ते दोघांनाही माहीत होतं.

एरंडोलहून बैलगाडीनं गेलो. काकांनी मला अंगणात येऊ दिलं नाही. गावाबाहेरच उतरवून ते मला घरामागच्या शेताच्या बांधावर घेऊन गेले. "हाक उनी की मंग बोला," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. मी कपाशीत उभा राहिलो. दोन्हीकडे फुटलेली बोंडं पांढरी दिसत होती. घरातून धूर वर चढत होता. कुठंतरी गाय हंबरत होती. मला अतिशय भीती वाटत होती. कसली ते आजही धड सांगता येणार नाही. आपण एका जिवंत माणसाची जागा घ्यायला उभे आहोत, आणि तो माणूस त्या दाराच्या आत बसलाय, हे मनातून जाईना. परत फिरावं असं वाटलं. तेवढ्यात मागचं दार उघडलं. लहानखुरी, पाठीत वाकलेली बाई उंबऱ्यावर आली.

"बापू! ओ बापू! जेवाले ये ना रे!"

नटीनं ती हाक हुबेहूब उचलली होती असं आम्ही म्हणायचो. तसं नव्हतं. ती हाक घशातून होती. ही पोटातून आली, आणि शेतावरून माझ्यापर्यंत पोचेतो तिच्यातला शब्द विरून नुसता सूर उरला. मी साताऱ्याचा माणूस. इकडली बोली वर्गातल्या मुलांकडून कानावर पडलेली, कधी बोललेली नाही. पण 'आलो गं आई' हे माझ्या तोंडून त्या बोलीतच आपोआप निघालं,

"उनू व माय!"

ती दारातून खाली उतरली. मी चालत गेलो. तिनं दोन्ही हातांनी माझे खांदे, दंड, तोंड चाचपलं. तिच्या हातांना राखेचा वास होता. "कितला दुबळा व्हयना रे," ती म्हणाली. पायांवर पाणी घातलं. आत चुलीसमोर दोन पाट मांडले होते. मित्र एका पाटावर बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. ती आमच्या दोघांच्या मधे बसून वाढत होती. तिनं मला दोनदा दूध घेतोस का विचारलं. लहानपणी बापूला दूध आवडायचं, हे मला तेव्हा कळलं. मी हो म्हणालो. मित्राच्या हातातला घास तसाच राहिला होता.

जेवणं झाल्यावर तिनं हात धुतले आणि काकूंना म्हणाली, "बठ्ठा उनात. आते दार लाव."

सगळे घरी आले होते. काकू तोंडाला पदर लावून उठल्या आणि दार लावलं.

त्यानंतर तिनं कोणालाही हाक मारली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ती जगली. मी महिन्यातून एकदा जायचो. तिचा बापू म्हणून जेवायचो, तिची बोलणी खायचो. माझ्या लग्नाचं बघायला ती काकांच्या मागे लागली होती. साताऱ्याला माझ्या आईला हे मी कधी कळवलं नाही. कसं कळवणार? मित्र तिच्या लेखी थोरला मुलगा, भाऊ, झाला होता. ती त्याच्याशी शेतीचं बोले, सल्ला विचारी, थोडी भिऊनही असे. माझ्या मात्र केसांतून हात फिरवी. तो समोर बसून हे बघत असायचा. एकदा परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "मी यायचं थांबवतो." तो म्हणाला, "नको. पुन्हा दारात जाईल." आणि फाट्यावर पोचल्यावर, "मला बापू म्हणून ती शेवटची कधी बोलली, ते आठवायचा प्रयत्न करतो. दुपारचीच वेळ असणार. काहीतरी साधंच बोलली असेल. मी घड्याळाकडे बघत असेन."

आम्ही रविवारी स्टुडिओत भेटत राहिलो, पण त्या विषयावर नानांनी पुन्हा तोंड उघडलं नाही. सिनेमाच्या गप्पा चालायच्या. मित्र ऐकायचा. पत्रा आणि कुंकवाचं पाणी त्यानं सोडून दिलं होतं.

मित्राची आई गेली ती झोपेत. दहाव्याला मी आणि अक्का गेलो. नदीला पाणी जवळजवळ नव्हतं, वाळू तापायला लागली होती. पिंड ठेवून सगळे मागे सरले. म्हातारीचा जीव मुलांत अडकलेला, कावळा लवकर शिवायचा नाही, असं भावकीतली माणसं आपसांत बोलत होती. दोन्ही पोरांना पुढे उभं करा, असं कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणालंही. मित्र एकटाच पुढे गेला. त्याचे ओठ हलत होते. काय बोलायचं ते तो मनात जुळवत असावा. अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "आज तो सांगेल तिला, बापू कोण ते."

त्यानं हात जोडले आणि तोंड उघडलं तोच बाभळीवरून कावळा सरळ खाली उतरला, पिंडातून घास उचलला, आणि उडून गेला.

"सुटली!" काका म्हणाले. माणसं मोकळी झाली. बायका डोळे पुसत उठल्या. एवढ्या झटकन कोणाचा कावळा शिवलेला पाहिला नाही, असं जो तो म्हणत होता. काही मागे ठेवलं नाही बाईनं, बठ्ठी इच्छा पुरी झाली.

मित्र हात जोडूनच उभा होता. मी जवळ गेलो.

"इतक्या लवकर?" तो मला म्हणाला.

अक्कांनी त्याच्या डोक्यावर आपल्या पदराची सावली धरली आणि आम्ही तिघं वाळूतून गाडीकडे चालू लागलो.